मुखात नसलेली जागा

या, जरा पुढे सरका. बुवांची गाडी घाटात अडकलीय असा आत्ताच निरोप आला. पेटी आली, तबला लागला, बुक्क्याची डबी भरून ठेवली, पण बुवा उभे राहिल्याशिवाय कीर्तनाला रंग नाही. तोवर दारापाशी चपलांवर डोळा ठेवून कशाला बसता? इथे समईजवळ या. एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, आपल्या या नांदवेळच्या खाडीतली आहे, आणि फार जुनीही नाही. गोष्टीत एक यंत्र आहे, एक देवी आहे आणि एक बाई आहे. यंत्र दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. दुष्ट असतं तर गोष्ट सोपी झाली असती. कथेत राक्षस असला की शेवटाची काळजी नसते.

पूर्वी किनाऱ्याचं काही ठरवायचं झालं की जनसुनावणी लागायची. मंडप घालायचे. पुढच्या रांगेत ठेकेदाराची माणसं, त्यामागे पुढारी, त्यामागे ट्रॉलरवाले, आणि अगदी शेवटी, कनातीला टेकून, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बाया. माईक त्यांच्यापर्यंत पोचेतो साहेबांची निघायची वेळ झालेली असायची. आणि पोचला तरी काय? दिवसभर कमरेत वाकून शिंपले वेचणारी बाई साहेबापुढे उभी राहून एकच बोलायची, "बरं हाय, साहेब." की लागलीच लिहून घ्यायचे, महिलांची संमती आहे.

याची खंत सरकारातल्या काही भल्या माणसांनाही होती हो. समुद्र चढत चालला होता. दरवर्षी नव्या भिंती, नवी बंदरं, नवे बांध ठरत होते, आणि ज्यांच्या पायाखालचं पाणी हलणार त्यांना कोणी विचारत नव्हतं. म्हणून कायदा झाला, की किनाऱ्यावरच्या कुठल्याही गटाचा आवाज वगळून समुद्राचा एकही निर्णय घ्यायचा नाही. आणि तो कायदा पाळता यावा म्हणून एक यंत्र घडवलं. त्याचं नाव सर्वमुख.

ते कसं चालायचं ते सांगतो, सोपं आहे. गावातल्या एकेका गटातल्या माणसांच्या गळ्यात तुळशीच्या मण्याएवढा एकेक मणी घालायचे. तो मणी बोलणं ऐकायचा आणि पाऊल कुठे पडतं ते टिपायचा. घरातलं खासगी पुसून टाकायचा, पाण्याशी संबंध असेल तेवढंच ठेवायचा. असं वर्षभर ऐकल्यावर यंत्रात त्या गटाचं एक मुख तयार व्हायचं. म्हणजे काय, तर या तिसऱ्यावाल्या बायांना जे कधीच विचारलं गेलेलं नाही, ते विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे ते मुख सांगायचं. त्यांच्या भाषेत, त्यांच्याच रागालोभासकट. मग मुंबईच्या बैठकांत बंदराचं मुख, ट्रॉलरचं मुख, वीजवाल्यांचं मुख यांच्या पंगतीला तिसऱ्यावाल्यांचं मुखही बसायचं. बसायचं म्हणजे भांडायचं. आणि ते थकत नसे, लाजत नसे, त्याला संध्याकाळची एसटी गाठायची नसे.

मणी वाटायला आलेली मुलगी शर्वरी कांबळी. मालवणकडची, समुद्राचं शास्त्र शिकलेली, किनारा खात्यात नव्यानेच लागलेली. मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर तिने बायांना गोळा केलं.

"हे गळ्यात घालायचं आणि विसरून जायचं," ती म्हणाली.

"मंगळसूत्राचंही तसंच असतं गो," वृषाली म्हणाली, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वृषाली विधवा होऊन माहेरी परतलेली, जिभेची तिखट.

"आणि आमी शिव्या घातल्या तर?" कोणीतरी मागून विचारलं.

"त्याही ऐकेल."

"मग मुंबईत साहेबांना उचक्या लागून जीव जायचा!"

या हसण्यात सगळ्यांत मोठ्याने हसणारी होती समिधा डोर्लेकर. हीच आपल्या गोष्टीतली बाई. वृषालीची भावजय. नवरा ट्रॉलरवर गेला तो वादळात राहिला. पुढे सासूही वारली. घरात या दोघी नणंद-भावजया. एका पाटीत तिसऱ्या टाकायच्या, एका चुलीवर शिजवायच्या, आणि एकीने पान लावलं की अर्धं दुसरीला. समिधाचा आवाज असा, की खाडीच्या या तीरावरून हाक मारली तर त्या तीरावरची बाई पाटी खाली ठेवून वळायची. आरतीत तिचा सूर सुटला की पेटीवाला पट्टी बदलायचा. म्हणून मुख तयार झालं तेव्हा यंत्राने त्याला तिचाच आवाज दिला. तसं विचारून दिला, तिने आनंदाने हो म्हटलं. पुढे सोसायटीच्या स्पीकरवर मुख बोलू लागलं की आम्ही चिडवायचो, "समिधाकाकी, एक तू इथे आणि एक मुंबईत, आता जेवण दोघींचं करतेस का?"

आणि मुखाने कामं केली, ती खोटी का म्हणू? खाडीत उतरायच्या घसरड्या दगडांच्या जागी पायऱ्या आल्या. वरच्या अंगाला बोटी दुरुस्त करणारे तेलाचं पाणी सोडायचे, ते बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा बायांनी तोंड न उघडता त्यांचं ऐकलं गेलं. समिधा इथे देवळात आली की समईत तेल घालताना मुखाच्या नावानेही थोडं घालायची. "माझीच बहीण ती," म्हणायची.

हा झाला पूर्वरंग. आता आख्यानाकडे वळू.

आपल्या खाडीच्या उत्तर अंगाला, तोंडाजवळ, तिवरांच्या झाडीपलीकडे, चिखलाचा एक तुकडा होता. होता म्हणतो, आता नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सगळी खाडी उघडी पडली, बाया सगळीकडे पसरल्या, तरी त्या तुकड्यावर कोणी पाय ठेवत नसे. ती देवीची जागा. देवीचं नाव आहे, पण ते बोलायचं नाही. जागेचंही नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, तिच्याबद्दल घरातही विषय काढायचा नाही. बोललं तर ती उठून जाते, अशी श्रद्धा. नवी सून खाडीत उतरली की सासू तिला त्या अंगाने घेऊन जायची आणि जवळ आल्यावर तिचा हात घट्ट दाबायची. बस, एवढीच दीक्षा. हात दाबला की सून समजायची, गप्प व्हायची आणि वळसा घालून जायची. होड्यांवरचे पुरुषही तिथे वल्हं पाण्याबाहेर धरून होडी नुसती वाहू देत. देवीचं नाव मात्र प्रत्येक घरात एकाच बाईला ठाऊक. सासू जाताना सुनेच्या कानात सांगायची.

डोर्लेकरांच्या घरी ते समिधाला ठाऊक होतं. वृषालीला नव्हतं, ती लेक, दुसऱ्या घरी दिलेली.

आता मणी गळ्यात घालून वर्षभर बाया हिंडल्या. मण्याने काय टिपलं? बाजारभावाची भांडणं, गुडघेदुखी, पावसाळ्यात मऊ होणारा चिखल, कुठल्या कोपऱ्यातली तिसरी गोड आणि कुठल्या कोपऱ्यातली वाळूमिश्रित. सगळं टिपलं. फक्त त्या तुकड्यावर एक पाऊल नाही, त्याबद्दल एक शब्द नाही. तिथून जाताना बाया बोलायच्या थांबत, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने त्याचा अर्थ लावला, थकवा. भक्ती तुडवत नाही आणि बोलत नाही, हे यंत्राला कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं त्यांचीच तर जिभेवर बोट ठेवायची रीत.

मग खाडीच्या दाराचं काम निघालं. उधाणाचं पाणी खालच्या आळीत चुलीपर्यंत येऊ लागलं होतं, म्हणून खाडीच्या तोंडाशी मोठं पोलादी दार बांधायचं. भरती चढली की लावायचं, उतरली की उघडायचं. दार हवंच होतं, त्याला आमच्यातल्या कोणाचीच ना नव्हती. प्रश्न इतकाच, की दाराचा पाया आणि यंत्रघर खाडीत कुठे उतरवायचं.

त्या दुपारी सोसायटीच्या स्पीकरवर समिधाचा आवाज आला. समिधा स्वतः खाली ओट्यावर पाय सोडून बसली होती.

"बायांनो, गोड बातमी आहे," मुख म्हणालं. "बंदरवाल्यांचा डोळा आपल्या जुन्या चिखलावर होता. मी हटले नाय. बैठकांवर बैठका झाल्या, सगळ्यांशी वाकडं घेतलं. शेवटी मानलं त्यांनी. आपल्या तिसऱ्यांची एक वीतभर जागा जात नाय. बदल्यात काहीतरी सोडावं लागतं, ते मी सोडलं. उत्तरेच्या अंगाला तिवरांपलीकडचा तुकडा. तिथे आपण जातही नाय, आपलं काही अडतही नाय. पाया तिथे पडेल."

वृषालीच्या हातात सुपारी होती, ती तशीच राहिली.

"काय गो?" मुखाने विचारलं. "आनंद नाय झाला?"

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "दुसरीकडे नाय का टाकता येणार?"

"कशाला पण?"

"उगीच आपलं."

"उगीच म्हणून तिकडे कोण ऐकतंय, आजी? कारण द्या, मी आत्ता भांडते."

कारण सगळ्यांच्या ओठांवर होतं आणि ओठ मिटलेले होते. समिधाने वर स्पीकरकडे पाहिलं. स्वतःच्या आवाजात स्वतःचीच देवी कोणी देऊन टाकावी, आणि वर शाबासकीची वाट पाहावी, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पुढच्या आठवड्यात शर्वरी घरी आली. समिधाने तिला कोकमाचं सरबत दिलं, घावणे वाढले, आणि पदराशी चाळा करत बसली.

"मावशी, तुम्हांला काहीतरी सांगायचंय," शर्वरी म्हणाली.

"सांगायचं नाय. तेच तर."

"म्हणजे?"

"तू हुशार हायस. समज ना. त्या अंगाला पाया नको."

"मला समजून चालत नाही मावशी. आराखडा निघालाय. अंतिम सुनावणीत मुखाच्या विरुद्ध कोणाला उभं राहायचं असेल तर कारण लागतं. एक वाक्य द्या मला. तिथे तिसऱ्या आहेत?"

"कोणी बघितल्यात? तिथे कोण उतरलंय?"

"मग काय आहे तिथे?"

समिधाने तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. सासूने तिचा दाबला होता तसाच. तिच्या परीने तिने सगळं सांगितलं. शर्वरी बिचारी मालवणकडची. तिला वाटलं, मावशीला भरून आलंय. तिने दुसरा हात वर ठेवून थोपटलं आणि म्हणाली, "मी आहे ना."

ती गेल्यावर वृषाली मागच्या पडवीतून आली. तिने ऐकलं होतं.

"वहिनी, तू सुनावणीत बोलणार."

"वन्सं, न बोलले तर तिच्यावर सिमेंट पडतंय."

"आणि बोललीस तर ती उठून जाते. मग सिमेंट पडलं काय नि नाय काय, सारखंच."

"ती उठणारी असती तर इतकी वर्षं आपल्यासारख्यांच्यात बसली असती? आईसारखी हाय ती. लेकरू बुडताना ओरडलं तर आई म्हणंल का, मेल्या, ओरडलास कशाला?"

"आईचं मला सांगू नको." वृषालीचा आवाज खाली आला. "आईने जाताना मला उंबऱ्यापलीकडे उभं केलं आणि तुझ्या कानाशी तोंड नेलं. पोटची मी, आणि कान तुझा. मी तेव्हाही गप्प राहिले. राहायचं असतं म्हणून राहिले. आता ते नाव तू माईकवर घेणार असशील, तर मला पुन्हा हाक मारू नकोस."

समिधा त्या संध्याकाळी देवळात आली. समईत तेल घातलं. मुखाच्या नावाने घालायचं तिने थांबवलं होतं, पण त्या दिवशी घातलं. खांबाला टेकून बसली आणि कोणाला कळेल असं काहीही बोलली नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. मुंबईहून अध्यक्ष म्हणून आलेल्या बाई शांत स्वभावाच्या, कपाळाला आठी नसलेल्या. पुढच्या रांगेत आता तिसऱ्यावाल्या बायांच्या खुर्च्या होत्या. कायद्यानेच तशा मांडलेल्या. किती वर्षांची इच्छा पुरी झालेली, आणि नेमकं त्या दिवशी त्या खुर्च्या बायांना बोचत होत्या.

समिधा उभी राहिली. माईक तिच्याजवळ लगेच आला, वाट पाहावी लागली नाही.

"मॅडम, उत्तरेचा तुकडा देता येत नाय. तिथे आमची..." तिने वळून मागे पाहिलं. वृषाली बसली होती. वृषालीने मान हलवली, नको म्हणून.

आणि समिधाने नाव घेतलं.

मी ते इथे घेणार नाही. तुम्हीही मला विचारू नका. सभागृहात एवढंच झालं, की बायांनी एकदम श्वास आत ओढला, आणि तो बाहेर सोडल्याचा आवाज काही आला नाही. समिधा मात्र थांबली नाही. एकदा बांध फुटल्यावर काय राखायचं? तिने सगळं सांगितलं. हात दाबायची रीत, वळसा, वर धरलेली वल्ही, कानातलं नाव.

अध्यक्षबाईंनी मन लावून ऐकलं. मग त्यांनी मुखाला विचारलं.

स्पीकरमधून समिधाचाच आवाज आला. समोर उभी समिधा, वर बोलणारी समिधा. मुख गोंधळलं होतं असं मला वाटलं. यंत्राला गोंधळ होत असेल तर. "मॅडम, ही गोष्ट माझ्यात नाय. एवढ्या बायांचं वर्षभराचं बोलणं माझ्यात आहे. त्यात हे नाव एकदाही नाय. ही बाई माझीच आहे, तिचं मन खोटं नसणार. पण सगळ्यांचं म्हणून मला हे सांगता येत नाय."

"बाकीच्यांना विचारते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "समिधाताई म्हणतात ते बरोबर आहे असं कोणाला वाटतं? फक्त हात वर केलात तरी पुरे."

सांगा, कोणाचा हात वर होणार? हात वर करणं म्हणजे कबूल करणं, कबूल करणं म्हणजे बोलणं. बाया मांडीवर हात आवळून बसल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. वृषाली उठली, खुर्ची सरळ केली आणि दारातून बाहेर पडली. गावाच्या भक्तीने त्या दिवशी जितकं मौन पाळलं तितकं आजवर कधी पाळलं नसेल, आणि ते सगळं मौन देवीच्या विरुद्ध मोजलं गेलं.

अध्यक्षबाईही वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी ठेकेदार शेवटच्या दिवशी एखाद्याला पढवून उभं करायचे, नवंच काहीतरी सांगायला, आणि गरिबांचं वर्षानुवर्षांचं म्हणणं एका भाषणात वाहून जायचं. म्हणून कायद्याने मुखाला गटाचा आवाज मानलं आणि माणसाला एका माणसाचा. शिवाय सरकारचे क्रम ठरलेले होते. आधी जीव आणि घरं, मग वीज आणि बंदर, मग उपजीविका, आणि शेवटी भावना. समिधाने देवीचं नाव घेतलं, म्हणून तिचं म्हणणं भावनांच्या खान्यात गेलं. "भावनांचाही पूर्ण मान राखला जाईल," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मला वाटतं, मनापासून म्हणाल्या.

पाया पडला. गाळ काढणारं यंत्र आलं, पोलादी जबड्याने तो तुकडा उचलून शेजारच्या गाळाच्या होडीत ओतू लागलं. शर्वरी देखरेखीला होती. पहिल्याच खेपेला तिला दिसलं. चिखलातून तळहाताएवढ्या तिसऱ्या गळत होत्या. काळ्याभोर, जाड पाठीच्या, म्हाताऱ्या. अशा तिसऱ्या आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नव्हत्या. तिने काम थांबवायला सांगितलं, वर फोन केले, दिवसभर केले. उत्तर आलं, उपजीविकेचा आक्षेप सुनावणीत यायला हवा होता.

नंतर तिने आम्हांला समजावलं. तिसरी जन्मतः शिंपल्यात नसते. मोठी तिसरी पाण्यात अंडी सोडते. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव काही आठवडे भरती-ओहोटीबरोबर खाडीभर वाहतात आणि मऊ चिखल लागला की तिथे बसून शिंपला धरतात. तिसरी जितकी थोराड, तितकी अंडी जास्त, कोवळीच्या कितीतरी पट. बाया जिथे वेचत होत्या तिथे तिसऱ्या म्हाताऱ्या होतच नव्हत्या. साऱ्या खाडीचं बी त्या एका न तुडवलेल्या तुकड्यातून येत होतं. मुखाने बायांचं ताट राखलं आणि बदल्यात कोठार देऊन टाकलं. आणि बायांनाही ते कोठार आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक, की ती देवी आहे. दोन्ही एकच, असं मी मानतो. पण मानून काय होतं?

दार उभं राहिलं. खालच्या आळीत पाणी शिरायचं थांबलं, हे खरं. तिसऱ्या पहिल्या वर्षी नेहमीसारख्या मिळाल्या. पुढे बाया म्हणू लागल्या, बारीक दिसत नाय. मग मोठ्याही संपल्या. आता सुकतीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर बगळे उभे असतात, तेही फार वेळ नाही. बऱ्याच जणी कोळंबी सोलायच्या कारखान्यात जातात, हात बर्फाने सुजवून येतात.

शर्वरीने सांगितलेलं बायांनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या मनातलं कारण वेगळं होतं. समिधाने नाव घेतलं, ती उठून गेली. सिमेंट काय, ते नंतर आलं. नाव आधी घेतलं गेलं. क्रम त्यांचाही ठरलेला. पाणवठ्यावर समिधा आली की बोलणं थांबायचं, जसं त्या तुकड्यापाशी थांबायचं तसंच. आणि वृषालीने चूल वेगळी केली. एकाच घरात, मध्ये गोणपाट लावून.

"वन्सं, तिसऱ्या बियांअभावी गेल्या, शर्वरीने सांगितलंन ना?" समिधा एकदा गोणपाटापलीकडे म्हणाली.

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग वृषाली म्हणाली, "आईने तुझ्या कानात सांगितलंन, ते तुझ्या पोटात राहील म्हणून." हे तिचं समिधाशी शेवटचं बोलणं.

तरीही समिधा तगली असती. पण भावनांचा मान राखायचं राहिलं होतं ना. दाराच्या उद्घाटनाला निळ्या पाटीवरचा पडदा सरकला, आणि पाटीवर देवीचं नाव होतं. वीतभर उंचीची अक्षरं, रात्रीही दिसावीत म्हणून चमकणारी. स्थानिकांच्या श्रद्धेचा आदर म्हणून दाराला तेच नाव दिलेलं. एवढंच नाही. दार लागण्याआधी होड्यांना सावध करायला हाकारा द्यावा लागतो. तो स्थानिक बाईच्या आवाजात असावा, असंही ठरलं. आवाज यंत्रात होताच.

म्हणून आता भरती चढली की खाडीभर समिधाचा आवाज घुमतो. देवीचं नाव घेतो, आणि म्हणतो, दार लागत आहे, होड्या बाजूला घ्या. ज्या बाईने ते नाव आयुष्यात एकदाच घेतलं, तेही देवीला वाचवायला, तिच्या आवाजात ते आता रोज घेतलं जातं. शर्वरीने अर्जांवर अर्ज केले. उत्तर आलं, गटाच्या मुखाने हरकत घेतली तर बदलू. मुखाला विचारलं. मुख म्हणालं, बायांनी याबद्दल कधी तक्रार केलेली माझ्यात नाय. बाया त्या नावाबद्दल बोलणार तरी कशा? शर्वरीची बदली झाली. जाताना समिधाचा हात दाबून गेली. तेव्हा तिला कळलेलं होतं.

समिधा त्यानंतर बोलत नाही. वैद्यांनी पाहिलं, घशात काही नाही. आरतीला येते, ओठ मिटून टाळ्या वाजवते. पेटीवाल्याला आता पट्टी बदलावी लागत नाही.

मागे वळून पाहू नका. त्या शेवटच्या खांबाशी, चपलांच्या बाजूला बसलेल्या आहेत ना, त्याच त्या. बायांची रांग त्यांच्या अलीकडेच संपते. त्या रांगेत टोकाला पांढऱ्या केसांची दिसते ती वृषाली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सुटलेली असते. कितीही गर्दी झाली तरी तिथे कोणी बसत नाही, वळसा घालून जातात.

ते पाहा, दिवे दिसले. बुवा आले. आता ते हातपाय धुऊन उभे राहतील, आपण गजर करू. भरतीची वेळ आहे, तेव्हा उत्तररंगात मध्येच तो हाकारा येईल. बुवांना ठाऊक आहे; ते चिपळ्या छातीशी धरून थांबतात, वादकही हात उचलून धरतात. ते नाव कानावर पडेलच, त्याला इलाज नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. ते मनात ठेवू नका, बाहेर जाऊन उच्चारू नका. हाकारा संपून बुवांनी पुन्हा सूर धरायच्या आधी थोडी शांतता असते. तेवढ्या शांततेत आमच्या समिधाची आठवण करा.